दुसऱ्या ऑपरेशनाआधीचे प्रश्न

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज मोताळ्याच्या बाजारापर्यंत माहीत होता. भाद्रपदाच्या पुनवेला घरोघर मातीची भुलाबाई बसली की गल्लीतल्या पोरी गाणी शिकायला आमच्याच ओसरीवर गोळा व्हायच्या. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाकीच्या बाया पदर खोचेपर्यंत जाऊबाईंची अर्धी ओळ वेचून झालेली असायची. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला वाटलं, ही बाई कधी आजारी पडलीच नसेल.

खरं म्हणजे त्या नुकत्याच बऱ्या झाल्या होत्या. वयात आल्यापासून दर महिन्याला त्यांना अशा कळा यायच्या की भिंतीला पाठ लावून बसून राहावं लागे. शेक झाले, काढे झाले, उपास झाले. मूलही होईना. शेवटी माझे भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना मलकापूरहून आगगाडीनं नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, तर एका अंडाशयावर गाठ निघाली आणि गाठीत काकवीसारखं काळं, घट्ट रक्त. गाठ काढली नि कळा थांबल्या. मी पाहिलं ते त्या बऱ्या दिवसांतलं माणूस होतं.

जर्मनी-जपानची लढाई संपली त्या साली वेचणी चालू असताना त्या अचानक शेताच्या कडेला धुऱ्यावर बसल्या. मी जवळ गेले.

"काय झालं, बाई?"

"काही नाई. तू ओळ पुरी कर." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते परत आलं. दिवाळीपासून सहन करून राह्यली मी."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना पटेना. "एकडाव कापलं ना पोट? मंग आता आखीन काय राह्यलं?" त्या वाईट नव्हत्या, पण नातवंडासाठी त्यांचा जीव तुटत होता. चुलीपुढं बसून त्यांनी एकदा मुलाला सांगूनच टाकलं, "दुसरी कर. ही बी राहीन घरात, तिले कोन हाकलते?"

भासरे जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं नाही की आवाज चढवला नाही. "माय, तिले दवाखान्यात न्यायचं हाय. ते बोल," एवढंच म्हणाले. जाऊबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला मात्र तेव्हा त्या दोघांचाही फार अभिमान वाटला.

या खेपेला सोबतीला मीही गेले. बैलांच्या दमणीनं मलकापूर गाठलं, तिथून गाडी. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, पुण्याकडचं बोलणाऱ्या. तपासून झाल्यावर त्या जाऊबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ त्यांच्याशीच बोलल्या, भासऱ्यांशी नाही.

"गर्भपिशवीला आतून जे अस्तर असतं ना, तसलंच अस्तर तुमच्या पिशवीच्या बाहेर रुजलेलं आहे. पाळीच्या वेळी तेही रक्त टाकतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. मागच्या वेळी दिसलं तेवढं मी काढलं. न दिसलेलं राहिलं असणार."

"म्हंजे वावरातल्या कुंद्यावानी," जाऊबाई म्हणाल्या. "वरून उपटला तरी खाली मूळ राह्यते."

"अगदी तसंच."

मग त्यांनी एकेक उपाय सांगितला. परत फक्त गाठ काढता येईल. मग मुलाची थोडी आशा राहील, पण दुखणं पुन्हा येऊ शकेल. दोन्ही अंडाशयं आणि पिशवी काढली तर दुखणं बहुतेक कायमचं जाईल, मात्र पाळी संपेल, मूल होणार नाही. क्ष-किरणांनी अंडाशयं निकामी करता येतात, पण पोटात नक्की काय आहे ते न बघता तसं करणं त्यांना पसंत नव्हतं. नवी इंजेक्शनं निघाली होती, पुरुषांच्या शरीरातल्या रसाची. त्यांनी काहींना आराम पडतो. आणि काहीच न करता पाळी आपोआप जायची वाट पाहणं, हाही एक मार्ग होता.

"त्या विंजेक्शनानं काय होते?" जाऊबाईंनी विचारलं.

"ओठांवर लव येते. आवाज घोगरा होतो. तो कधी कधी परत पहिल्यासारखा होत नाही."

"मंग ते नको." यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. नंतर थांबून म्हणाल्या, "मुलाची आशा किती, खरं सांगा. मले बरं वाटावं म्हणून सांगू नोका."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कमी आहे. नाहीच असं म्हणणार नाही, पण कमी आहे."

"अन् सगळं काढलं तर बाई म्हणून माह्यात काय उरन?"

"सगळं उरेल. अंगातून वाफा निघतील, घाम फुटेल, झोप उडेल. वर्ष-दोन वर्षं त्रास होईल. पण तुम्ही तुम्हीच राहाल."

इतके दिवस मी त्यांना धीट समजत होते ते कामातल्या उरकामुळे. खरा धीटपणा मी त्या खोलीत पाहिला. ज्या गोष्टींचं नावही आमच्या घरात कोणी काढत नसे, त्या त्यांनी नवऱ्यादेखत, मान खाली न घालता विचारल्या.

बाहेर लिंबाखाली दोघं बराच वेळ बसले. मी जरा लांब होते, तरी शेवटचं ऐकू आलं. भासरे म्हणाले, "तुले काय वाट्टे ते सांग. मी मायले पाहून घेईन."

"मले मूल पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या. "पन ह्या दुखन्यात माहं अर्धं आयुष्य चाल्लं. मले ते वापस पाह्यजे."

ऑपरेशन झालं, सगळं काढलं. घरी आल्यावर वाफांनी त्यांना फार छळलं. ऐन थंडीत त्या अंगणात येऊन पदरानं वारा घेत उभ्या राहायच्या. सासूबाईंनी काही महिने अबोला धरला, मग एके दिवशी स्वतःच वाळ्याचं पाणी करून त्यांच्या हातात दिलं. पुढच्या वेचणीला जाऊबाई पुन्हा सगळ्यांच्या पुढं होत्या.

मुख्य म्हणजे त्यांनी हे लपवलं नाही. पाणवठ्यावर कोणी विचारलं तर सांगत. ते ऐकूनच आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याची बायको आपल्या सुनेला घेऊन आली. पोरगी विशीची, तीच कळ, तेच भिंतीला टेकून बसणं. जाऊबाई तिला स्वतः नागपूरला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तिची गाठ तेवढी काढायची ठरवली, तर पोरगी घाबरून जाऊबाईंना म्हणाली, "चाची, तुमच्यासारखं एकदमच सगळं काढून टाकलं तर? परत यायला नको."

"माहं पाहून करू नको," जाऊबाई म्हणाल्या. "माहं वय येगळं होतं, माही गाठ येगळी होती. परत आलं तर परत येऊ आपन. मी हावो ना."

तिला पुढे एक मुलगी झाली. नंतर दुखणं परत आलंही, पहिल्याइतकं नाही, आणि दोघी पुन्हा गाडीत बसून गेल्या. तेव्हा मी दमणीपर्यंत त्यांना पोचवायला गेले होते. जाऊबाई तिला वाटेत डॉक्टरीणबाईंना काय काय विचारायचं ते सांगत होत्या, आणि पोरगी एकेक प्रश्न पाठ करत होती.