इग्बोच्या तोंडी परीक्षेची तालीम

अडाएझेला प्रश्न कळला होता. उत्तरही येत होतं. तरी ती माझ्या डायनिंग टेबलाशी तोंड मिटून बसली होती, आणि तिच्या बाबांनी इग्बोत रेकॉर्ड करून पाठवलेला प्रश्न मी लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा वाजवत होते. शेवटी तिने उत्तर दिलं, ते डचमध्ये.

मी बाडहूव्हडॉर्प या डच गावात बायलेस घेते. बायलेस म्हणजे आपली शिकवणी. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, डच शिकले, आणि ओळखीच्या मुलांना गणित शिकवता शिकवता त्याचाच व्यवसाय झाला. अडाएझे माझ्याकडे गणितालाच यायची. इग्बो ही नायजेरियातली भाषा; माझा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. पण तिचं कुटुंब उन्हाळ्यात कायमचं परत नायजेरियात, एनुगूला, आजीजवळ राहायला जाणार होतं. तिथल्या शाळेची अट होती, इग्बो भाषा आणि संस्कृती या विषयाची लेखी आणि तोंडी परीक्षा पास झाली तर तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश, नाही तर दोन वर्ग खाली. ताडमाड वाढलेल्या या मुलीची त्या कल्पनेनेच झोप उडाली होती. 'आंटी, तुम्हीच तयारी घ्या,' म्हणून मागे लागली. तिचे बाबा एमेका एअरपोर्टवर कार्गोत काम करतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, भाषा तुम्ही बघा, परीक्षा मी बघते.

परीक्षा बघणं म्हणजे मुख्यतः जुने पेपर सोडवून घेणं आणि मार्किंग स्कीम पाठ करून घेणं. मार्किंग स्कीम म्हणजे कुठल्या मुद्द्याला किती गुण, याचा परीक्षकाला दिलेला हिशेब. हे सगळीकडे सारखंच असतं, मग विषय भूमिती असो की इग्बोंचे लग्नविधी. लेखीत अडाएझे पक्की झाली. कोला नट म्हणजे सुपारीएवढं कडू फळ, ते पाहुण्यांसमोर कसं आणतात, त्यावर प्रार्थना कोण म्हणतं, फोडतं कोण, हे सगळं ती घडाघडा लिहायची. मीही तिच्याबरोबर शिकले.

तोंडीचं मात्र गाडं अडलेलं. बाबांचं बोलणं तिला अक्षरन् अक्षर कळायचं. लहानपणी कुठल्याशा समारंभात ती इग्बोत बोलली आणि तिच्या डच हेलांना भावंडं पोट धरून हसली. त्या दिवसापासून तिने कोणासमोर इग्बोत तोंड उघडलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या घरात मी 'जेवायला ये' म्हटलं की लेकीचं उत्तर डचमध्ये येतं, त्यामुळे हे दुखणं मला नवीन नव्हतं. अडाएझे एकटी असली की फोनवर छान रेकॉर्ड करायची. माणूस समोर आला की संपलं.

मी एमेकांना म्हटलं, चार माणसांसमोर मॉक ओरल, म्हणजे परीक्षेची रंगीत तालीम घेऊ या. त्यांनी रविवारी घरी बोलावलं. परीक्षक म्हणून त्यांचे मोठे चुलतभाऊ, म्हणजे अडाएझेचे काका, आले होते. वयस्कर, गंभीर गृहस्थ. अडाएझेचा चेहरा त्यांना पाहूनच उतरला.

पाहुणी आली म्हणून आधी कोला नट. काकांनी हातात घेऊन लांबलचक प्रार्थना म्हटली. त्यात माझ्या मुलीचंही भलं मागितलं, असं एमेकांनी मला हळूच सांगितलं. मग एमेकांनी फळ फोडलं, तुकड्यांची बशी सगळ्यांपुढे फिरवली आणि माझ्यापुढे धरली.

मी म्हणाले, 'नको नको, आत्ताच जेवून आलेय.'

आता यावर ते 'असं कसं, घ्या की' म्हणणार, मी 'बरं, अगदी छोटा' म्हणणार, हे मी गृहीत धरलं होतं. जन्मभर असंच घेत आलेय. एमेकांनी आग्रह केला नाही. बशी तशीच खाली गेली. काकांनी पाठ खुर्चीला टेकवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आणि मला आठवलं: कोला नाकारणं म्हणजे मी तुमच्याकडे चांगल्या मनाने आलेली नाही, असं सांगणं. हा मुद्दा मार्किंग स्कीममध्ये होता. त्याच्याखाली मीच रेघ मारली होती.

इंग्रजीत माफी मागावी तर शब्द जुळेनात.

तेवढ्यात अडाएझे बोलायला लागली. इग्बोत, थेट काकांशी. एक वाक्य नाही, चांगली पाच-सहा मिनिटं. मध्ये अडखळायची, हातवारे करायची, पुन्हा सुरू व्हायची. डच हेल मला सुद्धा ऐकू येत होते. काकांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा दिलं. कोणी हसलं नाही. एमेका रिकाम्या हाताने उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मग बशी परत माझ्यापुढे आली. मी मुकाट्याने तुकडा घेतला आणि चावला. कारल्यालाही लाजवेल असा कडू होता, पण गिळला.

परतताना ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. काय सांगितलंस, मी विचारलं.

'मी म्हटलं, यांच्यात आधी नाही म्हणायची पद्धत आहे. तुमच्याकडे पाहुणे आले की चहाला तीनदा नको म्हणतात आणि मग दोन कप पितात, ते सांगितलं. काकांना पटेना. म्हणून सगळं समजावावं लागलं.'

'आणि भीती?'

'आंटी, ते तुमच्यावर रागावले होते,' ती म्हणाली.

मला तिला तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं.

खरी तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाली. लेखीत उत्तम गुण पडले, तोंडीत जेमतेम पास. वर्ग मिळाला. तेव्हापासून तोंडी परीक्षेची तयारी करून घेताना मी मुलांना फक्त प्रश्न विचारत बसत नाही. ज्याचं त्यांच्या बोलण्यावाचून अडेल, असं कोणीतरी शोधून समोर बसवते. बहुतेक वेळा ती मीच असते.

परवा एनुगूहून एमेकांचा फोन आला. पोरगी कशी आहे, मी विचारलं. ते म्हणाले, 'काय सांगू, दिवसभर आजीशी भांडते. इग्बोत.'