सुटे कण, गुच्छातले कण

दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले की नवे कण बाहेर पडतात. कधी चार, कधी दहा. माझ्या मार्गदर्शक सरांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक कण बाकीच्यांची दखल न घेता, सुटा बाहेर पडायचा. गणित देखणं होतं. त्यावर सरांचं नाव झालं होतं आणि माझी पीएच.डी. उभी होती.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. परदेशातल्या नव्या प्रयोगांचे आकडे विद्यापीठात आले. मॉडेलशी ताडून पाहिले, तर जुळेनात. कण गुच्छागुच्छाने येत होते. ऊर्जा वाढेल तशी तफावत वाढत होती. संगणकाला आकडे पुरवणारी कार्डं नव्याने पंच केली, तरी उत्तर तेच.

विद्यापीठातल्या माझ्या व्याख्यानाच्या दिवशी सकाळी सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

“आज कमी ऊर्जेपर्यंतचंच सांगा. तिथे जुळतंय ना?”

“जुळतंय. पण पुढचं, सर?”

“मुंबईहून पाहुणे शास्त्रज्ञ येतायत. पुढचं पुढे बघू.”

माझी शिष्यवृत्ती त्यांच्या सहीवर चालायची. घरी लग्नाची बोलणी अब्बांनी प्रबंधाच्या नावाखाली थोपवून धरली होती. दुपारी अब्बा मार्केट यार्डातला गाळा बंद करून आले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले.

कमी ऊर्जेचा आलेख संपला. तिथेच थांबता आलं असतं. मी दुसरा आलेख फळ्याशेजारी टांगला.

“इथून पुढे हे मॉडेल चालत नाही.”

पाहुण्यांनी सरांकडे पाहत विचारलं, “म्हणजे मूळ कल्पनाच चुकली?”

सर उठले.

“आपण घाई करू नये,” ते पाहुण्यांना म्हणाले. “मॉडेल माझं आहे, त्याचं तेरावं मीच घालीन.” मग माझ्याकडे वळून, “गुच्छ का पडतात?”

“माहीत नाही, सर.”

“मग तेच सांगा. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.”

बाहेर पडताना अब्बांनी विचारलं, “सर चिडले का गं?” मला खरंच कळलं नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस सर माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. शिष्यवृत्तीच्या कागदावर मात्र वेळेवर सही झाली. मग एका सकाळी त्यांनी हाताने लिहिलेली पानं माझ्या टेबलावर ठेवली. त्यात कण आधी गुच्छात जन्मत होते आणि मग फुटत होते.

“यात चूक शोधा,” ते म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”

मी खुर्ची ओढून बसले.