माझ्या बोर्डावर चालतं

मी तापट आहे, आणि तापट माणसाला आपली चूक सगळ्यात शेवटी दिसते.

लालबागला आमचं छोटं ऑफिस. हॉस्पिटलात खाटेशी लावायचं सलाईनचं यंत्र आम्ही बनवतो. आत लिनक्स असतं. माझ्या हाताखालची मुलगी प्रोबेशनवर होती. ही गोष्ट ज्या दिवसाची, त्याच संध्याकाळी साहेब ठरवणार होते, तिला ठेवायचं की नाही.

यंत्रात तीन प्रोग्रॅम, तिन्हींना लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, एकच लागायची. ती स्टॅटिक होती, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात वेगळी प्रत. मेमरी पुरेना. मीच त्या मुलीला म्हटलं, "शेअर्ड कर." आमच्या चाळीत चार बिऱ्हाडांत मिळून एकच पाटा-वरवंटा असायचा, तसं. प्रत एकच, पण मग ती यंत्रात असायलाच हवी.

तिने बदल केला. माझ्या बोर्डावर, म्हणजे यंत्राचं जे सर्किट मी टेबलावर चाचणीसाठी ठेवतो त्यावर, सगळं सुरळीत चाललं. "सर, एकदा कोऱ्या बोर्डावर बघूया का?" ती म्हणाली.

"अगं, चालतंय ना डोळ्यांसमोर? कशाला नसता घोळ!"

दुपारी साहेबांसमोर नवा बोर्ड लावला, तर यंत्र सुरूच होईना. स्क्रीनवर एवढंच, की लायब्ररी सापडत नाही. माझं डोकंच फिरलं. "एक सेटिंग बदलायची, तेही धड जमेना?" सगळ्यांदेखत तिला बोललो.

मी तडक खाली उतरलो. करी रोडच्या पुलापर्यंत गेलो, परत फिरलो, चहा घेतला, अर्धा टाकला. कुठे चैन पडेना. माझ्याच बोर्डावर कसं चालतं रे?

वर येऊन बिल्डची फाइल उघडली, यंत्रातलं सॉफ्टवेअर कसं तयार करायचं ते सांगणारी. त्यात एक ओळ होती: लायब्ररी फक्त बिल्डच्या मशीनवर ठेवा, यंत्रात टाकू नका. ओळ माझीच, स्टॅटिकच्या दिवसांतली. आणि माझ्या बोर्डावर लायब्ररी मीच कधीतरी हाताने कॉपी करून विसरलो होतो. शी!

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. दार न वाजवताच घुसलो. "साहेब, चूक माझी. हिने विचारलं होतं, मीच उडवून लावलं." तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

साहेबांनी तिला कायम केलं.

अजूनही मी "चालतंय" म्हटलं, की ती उठते, कपाटातून कोरा बोर्ड काढते आणि माझ्यापुढे ठेवते. झोंबतं मला. गुमान केबल जोडतो.