जीवरामनानांची कॅसेट

चोपड्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग पहिल्यांदा आणलं ते भटूने. खांद्यावर कॅमेरा घेऊन तो मांडवात शिरला की लोक नवरदेवाला सोडून त्याच्याकडे बघायचे. पुढे बाजारपेठेत अभयकुमारने व्हिडिओ लायब्ररी काढली आणि ज्याच्यात्याच्या तोंडी अभयभाऊ सुरू झालं. भटूला ते नाव ऐकवेना.

एक्क्याण्णव साली भटूने जीवरामनानांच्या मुलीचं लग्न चित्रित केलं. नानांची म्हातारी आई झुंबरबाई हळदीत अशी नाचली की कॅमेरा तिच्यावरून हलेना. पाहुण्यांसाठी प्रती काढायला नानांनी कॅसेट अभयकुमारकडे दिली. त्याने एक प्रत गुपचूप ठेवून घेतली, सुरुवातीची भटूच्या नावाची पाटी काढून तिथे 'अभय व्हिडिओ' अशी पाटी जोडली आणि ती भाड्याने देऊ लागला.

सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतला एकजण झुंबरबाईच्या नाचाचं कौतुक करत म्हणाला, "अभयभाऊनी कॅसेट भारी शे." आपली कॅसेट अभयभाऊची झालेली ऐकून भटू अर्धी दाढी तशीच ठेवून उठला.

त्याने थेट जळगाव गाठलं. "त्याचं दुकान बंद पाडायचंय," तो वकील प्रमिलाबाईंना म्हणाला.

"शूटिंग कुणी करवून घेतलं?"

"जीवरामनानांनी. मोबदलाही दिला."

"हक्कांबद्दल काही लिहून घेतलं होतं?"

"नाही. तोंडी ठरलं."

"मग कायद्याने त्या चित्रणाचे मालक नाना. अभयकुमार चुकलाच, पण दाद नानांनी मागायची. आणि वरातीवर गाणी कुठली टाकलीस?"

"सिनेमातली."

"परवानगी घेऊन?"

भटूने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे चौकशी झाली तर तुझ्याही दारात येईल."

तरीही परतल्यावर तो नानांकडे गेला. आपलं काही का होईना, अभयकुमार बुडाला पाहिजे. "नाना, हक्क तुमचा आहे. तक्रार करा."

झुंबरबाई जाऊन महिना झाला होता. "लोक माझ्या आईला बघतात, बघू दे त्यांना," ते म्हणाले. "पण तुझं नाव पुसलं, हे काही बरं नाही. चल."

दुकानात नाना शांतपणे म्हणाले, "कॅसेट माझी आहे. न विचारता भाड्याने दिलीस, ते सोडलं. पण याचं नाव टाक, नाहीतर प्रत परत दे."

अभयकुमार ओशाळला. "चुकलं, नाना," म्हणाला आणि चार दिवसांत पाटी बदलली. दुकानातल्या टीव्हीवर 'छायाचित्रण : भटू' अशी अक्षरं आली, तेव्हा नाना आणि भटू तिथेच होते; गिऱ्हाइकांनी वळून भटूकडे पाहिलं. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

भटूचं लक्ष मात्र काउंटरवरच्या गर्दीकडे होतं. अभयकुमार प्रत्येकाला नावाने हाक मारत होता, हसत होता. आपल्याला नाव नकोच होतं, त्या दुकानाचं शटर खाली आलेलं बघायचं होतं, हे भटूला तिथे उभ्याउभ्या कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या लग्नसराईत त्याने सिनेमातली गाणी टाकणं सोडलं आणि मांडवात बायका म्हणतात तीच गाणी ध्वनिमुद्रित केली. ती लोकांना फार आवडली. मत्सर मात्र गेला नाही. अभयकुमारच्या दुकानावरून जाताना तो अजूनही मान दुसरीकडे वळवत असे.