एका बापाची साक्ष

धुळ्याच्या बाप्टिस्ट सेमिनरीत मी मराठी शिकवायचो. तिथली नोकरी सुटली, पण 'साक्ष' हा शब्द कानावर पडला की अजून तिथून उठून जावंसं वाटतं. परदेशी मिशनऱ्यांनी ती सेमिनरी काढली होती ती खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना त्यांच्याच बोलीत बोलणारे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळावेत म्हणून. बाप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं कळत्या वयात स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, हीच त्याची साक्ष. मला ते फार पटायचं. मुलांना ती साक्ष आपल्या शब्दांत लिहिता यावी, एवढ्यासाठीच मी लेखनाचा तास घ्यायचो.

प्राचार्यांना मात्र सगळ्या साक्षी एकाच साच्यातल्या लागत. आधी अंधार, मग प्रकाश. अंधारात दारुडा बाप हवाच, कारण त्याशिवाय परदेशी देणगीदार पाहुण्यांचे डोळे भरून येत नसत. किळस यायची मला त्या साच्याची.

रावेरकडचा एक विद्यार्थी होता. त्याचा बाप ट्रकमध्ये केळी भरायचा. दारूचा वाससुद्धा त्याला खपत नसे. खरं बोलायला मला बापानं शिकवलं, असं पोरानं लिहिलं होतं. प्राचार्यांनी ते खोडलं आणि बापाला दारुडा करून टाकलं. मी भांडलो, तेव्हा मला शुद्धलेखनापुरतं बघायला सांगण्यात आलं.

पदवीदानाला बाप केळीचा घड खांद्यावर घेऊन आला आणि पहिल्या रांगेत बसला. पोरगा कागद घेऊन उभा राहिला, पण बापाकडे बघून त्याचं तोंडच उघडेना. मग प्राचार्यांनी कागद काढून घेतला आणि स्वतःच खड्या आवाजात वाचला, पाहुण्यांसाठी वाक्यावाक्याचं इंग्रजी करत. तेवढ्यावर थांबतील तर ते कसले! दारू सोडलेला बाप बघा, म्हणत त्यांनी म्हाताऱ्याला माइकसमोर उभं केलं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, मी दारूले कधी हातबी लावा नही. मंग सोडू काय?"

पाहुण्यांनी विचारलं, हा काय म्हणतोय? प्राचार्यांनी डोळ्याचं पातं न लवता इंग्रजीत सांगितलं की तो प्रभूचे आभार मानतोय. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हे खोटं आहे, असं मी ओरडलो, पण त्या गजरात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

म्हाताऱ्याला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्यानं हात जोडले, खाली उतरला आणि रडणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बठ्ठा चांगला मानसं शेतस." सगळी चांगली माणसं आहेत, म्हणे!