डिझेल संपलं त्या चढावर

पेट्रोल शंभराच्या पुढं गेलं, तरी पहिले काही महिने मी स्कूटी तशीच चालवली. कंधारात आमचं घर आणि माळापलीकडच्या एका गावात, उपकेंद्रावर, माझी नर्सची नोकरी. पूर्वी पगार झाला की टाकी भरायची. मग अर्धी भरायला लागले. मग पंपावर 'शंभरचं टाक' म्हणायची सवय लागली. माझ्या पुढंमागं उभे असलेले सगळे तेच म्हणत. 'फुल कर' म्हणणारा माणूस दिसेनासा झाला. शेवटी एका सोमवारी मी स्कूटीवर जुनी चादर टाकली आणि जीपनं जायला लागले. एक दिवसाआड रात्री उपकेंद्रावरच थांबायची आणि सकाळी गावातल्या माणसांबरोबर जीपनं कंधारला परत यायची.

जीप म्हणजे काळी-पिवळी, पत्रा दोन ठिकाणी वेल्डिंग केलेला, मागचं दार कधीचं काढून ठेवलेलं. चालवणारे पन्नाशीचे, अंगानं काटकुळे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. जीपचा डिझेलचा काटा मेलेला होता. मामा टाकीचं झाकण काढून वेळूची काडी आत घालत, ओली किती झाली ते बघत आणि काडी परत सीटखाली ठेवत. दिवसाची कमाई हातात आली की तेवढ्यापुरतंच डिझेल घेत. जास्तीचं टाकून ठेवायची ऐपत राहिली नव्हती.

डिझेल वाढलं तसं बाकीच्या जीपवाल्यांनी भाडं वाढवलं. मामांनीही एकदा वाढवून बघितलं. दुसऱ्या बाजारच्या दिवशी त्यांना रस्त्यानं भाजीवाल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन पायी जाताना दिसल्या. रोजच्याच बाया. मामांनी जीप थांबवली, त्यांना बसवलं आणि जुनंच भाडं घेतलं. मी विचारलं, "मामा, परवडतं का?"

"न्हाई परवडत," ते म्हणाले. "पन गाडी रिकामी पळवनं बी न्हाई परवडत, सिस्टर."

गाव आणि कंधार यांच्या मधोमध एक माळ आहे. दोन्हीकडून रस्ता त्याच्यावर चढतो आणि पलीकडं उतरतो. नकाशात त्याला नाव नसेल, पण आम्ही त्याला घाटच म्हणतो. भरलेली जीप तिथं आली की पहिल्या गिअरवर ओरडायला लागायची, मागून काळा धूर निघायचा, आणि मामांचा चेहरा कुणी दात उपटून काढावा तसा व्हायचा. "इथं ही डिझेल पेत न्हाई," ते म्हणायचे, "ढोसती."

आमच्यात एक मावशी होत्या, साठी उलटलेल्या. मेथी-कोथिंबीर घेऊन बाजाराला जायच्या. एक दिवस चढाच्या पायथ्याशी त्यांनी पत्र्यावर हात आपटला.

"थांबीव रं. मी उतरते."

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई. तेवढंच वजन कमी. वर गेल्यावर बसते."

मामा नको नको म्हणेपर्यंत त्या उतरून चालायलाही लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी दोघी उतरल्या. मग कॉलेजच्या पोरी. मग मी. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. पंधरवडाभरात असं झालं की पायथा आला की मामा गाडी हळू करत, सगळे उतरत, रिकामी जीप वर जाऊन उभी राहत असे आणि आम्ही मागून चालत जाऊन बसत असू. पाय दुखणारे, आजारी असलेले बसून राहत. आणि एक कोर्टातले कारकून, पांढऱ्या शर्टातले, पुढच्या सीटवरून कधी हलत नसत. "भाडं दिलंय मी," ते म्हणाले होते. "चालायचंच असतं तर घरून चालत आलो असतो." त्यांचंही काही चुकत नव्हतं. कुणी त्यांना बोललं नाही.

त्या हिवाळ्यात गावातली एक पोर माझ्याकडं तपासणीला येत होती. विशीची, पहिलटकरीण. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला, घरी सासू आणि ती. बाळ पायाळू होतं. मी दोघींना बजावून सांगितलं होतं की दिवस भरत आले की कंधारच्या दवाखान्यात येऊन राहायचं, उपकेंद्रावर हे बाळंतपण होणार नाही. सासूनं मान हलवली होती. पण कळा तारखेच्या आधीच आल्या.

बाजारचा दिवस होता. मी सकाळी जीपमधून उतरले तर सासू उपकेंद्राच्या दारात उभी.

"सिस्टर, रातीपासनं दुखून राहिलंय तिला."

"मग रातीच कामून फोन न्हाई केला?"

"वाटलं, खोट्या कळा असतील."

मी तपासलं. वेळ फार नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन मुखेडच्या बाजूला गेलेली, यायला वेळ लागणार होता. बाहेर मामा जीप वळवत होते, बाजाराची माणसं पाट्या टपावर चढवत होती. मी धावत गेले.

"मामा, हिला न्यायचंय. आत्ताच्या आत्ता."

मधली सीट बोलायच्या आत रिकामी झाली. मी म्हटलं, बाकीचे थांबा, मागून या. मावशी म्हणाल्या, "आम्ही मागं कोंबून बसतो. वाटंत काय लागंल सांगता येतं का?" आणि खरंच कोंबून बसल्या.

पोरीला मी कुशीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. सासू पायाशी. जीप निघाली. पायथ्याला आल्यावर मामांनी गाडी पुरती थांबवलीसुद्धा नाही, मागची सगळी माणसं पटापट खाली उतरली. जीप हलकी होऊन चढाला लागली. मला वाटलं, आता पंधरा-वीस मिनिटांत दवाखाना.

चढाचा तिसरा हिस्सा झाला असेल. इंजिन खोकल्यासारखं झालं, जीप दोनदा उचकली आणि थांबली.

मामांनी हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. परत फिरवली. मग खाली उतरून टाकी उघडली, काडी घातली. काडी कोरडी वर आली. ती हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"बाजार म्हनून सकाळी एक फेरी जास्तीची झाली," ते म्हणाले. "गावात बघनार होतो काडी घालून. तुम्ही बोलावलं आन्‌ ध्यानातच न्हाई राहिलं."

त्यांचा आवाज ऐकून मला रागवता आलं नाही. कुणाकडून डिझेल आणलं तरी लगेच चालणार नव्हतं, टाकी कोरडी झाली की पाइपात हवा धरते आणि ती काढत बसावं लागतं. रस्त्यावर दुसरी गाडी दिसत नव्हती. पोरीची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

तेवढ्यात मागून चालणारी माणसं येऊन पोचली. मावशींनी मामांच्या हातातली काडी बघितली, माझ्याकडं बघितलं. मग वर चढाकडं बघत म्हणाल्या, "माथ्यावर न्यावं लागंल. तिथून कंधारापस्तोर उतारच हाय." आणि पदर खोचला.

मग जे झालं ते मी आतून बघितलं. म्हणून मला सगळं सांगता येत नाही, जेवढं मागच्या उघड्या जागेतून दिसलं तेवढंच. टपावरच्या पाट्या आणि बोचकी भराभर खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला रांगेत ठेवली गेली. हिरवी मेथी, वांगी, एका टोपल्यात पाय बांधलेल्या कोंबड्या. पुढच्या सीटवरचे कारकून उतरले, शर्टाच्या बाह्या वर सारत मागं गेले. मामा स्टिअरिंगवर बसले. पत्र्यावर हात टेकल्याचे आवाज आले, एकामागून एक, आणि मागची सगळी जागा चेहऱ्यांनी भरून गेली. ज्यांच्याशी मी एरवी भाजीच्या भावाचं बोलत होते ते चेहरे.

"जोर लावा!" कुणीतरी म्हणालं.

जीप हलली. अगदी बोटभर, मग हातभर. मग चाकं फिरायला लागली.

आत माझी वेगळीच अडचण. पोरीनं जोर लावायचा नव्हता. दवाखाना येईपर्यंत कळ आली तरी तोंडानं श्वास सोडत राहायचं, खाली जोर करायचा नाही, असं मी तिला सारखं सांगत होते. आणि बाहेरून दर पावलाला "जोर लावा, जोर लावा" चाललेलं. ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली.

"ते तुला न्हाई गं," मी म्हटलं. "ते त्यांचं त्यांना."

तेवढ्या दुखण्यात तिला हसू आलं. सासूलाही आलं. मग सासूचे डोळे भरून आले आणि तिनं तोंड पदरात घातलं.

थोडं ढकललं की थांबावं लागे. थांबलं की मावशी दोन्ही हातांत दगड घेऊन मागच्या चाकाखाली लावत, सगळे गुडघ्यांवर हात टेकून दम घेत, आणि मग परत. वळणावर चढ फार उभा आहे. तिथं जीप मागं सरकली. मामांनी ब्रेक दाबला, बाहेर कुणीतरी ओरडलं. पण चाक दगडावर अडलं. एक मोटारसायकल मागून येऊन थांबली. नवरा-बायको, नवे कपडे, बहुतेक कुठल्या कार्यक्रमाला निघालेले. दोघंही उतरून मागं आले. बाईचा हिरवा चुडा पत्र्यावर माझ्या अगदी जवळ दिसत होता. ती कोण, कुठली, मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर बोलणं बंद झालं. "जोर लावा" म्हणण्याइतकाही दम कुणाला उरला नव्हता. नुसते श्वास ऐकू येत होते. बाहेर इतक्या माणसांचे आणि आत हिचा एकटीचा. मी बारा वर्षं नर्सचं काम केलंय, जन्म पाहिलेत, मरणंही पाहिलीत. पण त्या चेहऱ्यांकडं बघताना माझ्या अंगावर काटा आला तो गेला नाही. घामानं निथळलेले, लाल झालेले, डोळे मिटलेले. कुणी आमच्याकडं बघत नव्हतं. सगळे खाली मान घालून रस्त्याकडं बघत होते.

आणि मग जीप आपोआप हलकी झाली. आम्ही माथ्यावर आलो होतो. खाली कंधारचा तलाव चमकत होता, पलीकडं किल्ल्याची तटबंदी.

"सुटतो," मामा म्हणाले.

हात पत्र्यावरून सुटले. जीप उताराला लागली. इंजिन बंद, त्यामुळं आवाज काहीच नाही, नुसता वारा आणि टायरांची सरसर. मामा पाय रोवून ब्रेक दाबत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या. मी मागं वळून बघितलं. ती सगळी माणसं माथ्यावर उभी होती, कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी वाकून. कुणी हात हलवला नाही. आम्ही वळण घेईपर्यंत ती तशीच उभी होती, मागं सगळं आभाळ.

जीप कंधारच्या पहिल्या घरांपर्यंत आली आणि सपाटीला थांबली. तिथं दुधाचा एक टेम्पो उभा होता. मामांनी त्याच्या ड्रायव्हरला दोन शब्दांत सांगितलं, त्यानं कॅन उतरवून जागा केली. दवाखान्यात डॉक्टरबाई तयारच होत्या, मी वाटेतून फोन केला होता. बाळ पायांकडून आलं. आधी रडलं नाही. बाईंनी त्याच्या तोंडातलं काढलं, पाठ चोळली, आणि ते एकदम चिडल्यासारखं रडलं. मुलगी होती.

हात धुऊन बाहेर आले तेव्हा आवारात सगळी माणसं आली होती. बोचकी-पाट्या डोक्यावर घेऊन उरलेला रस्ता ती पायी उतरली होती. कारकुनांच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत पत्र्याची काळी घाण.

"सुटली का?" मावशींनी विचारलं.

"सुटली. पोरगी झाली."

"आन्‌ माय?"

"चांगली हाय."

मावशींनी मान डोलावली, पाटी परत डोक्यावर घेतली. "चला," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "भाजी सुकून चालली." आणि बाजाराकडं निघून गेल्या. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते. मी गडवाभर पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात पिऊन टाकलं.

दोन दिवसांनी उपकेंद्रावर राहून सकाळी त्यांच्याबरोबर जीपनं निघाले, तर त्या दिवसाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. पायथ्याला सगळे उतरलो. कारकून पुढच्या सीटवर, धुतलेल्या शर्टात, बसून राहिले. मला आधी नवल वाटलं, मग हसू आलं. तेव्हाचं ते तेव्हाचं, आज त्यांनी भाडं दिलेलं होतं.

घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा आमच्या यांना पटेना. एवढी जड जीप बायाबापड्यांनी चढावर कशी नेली असेल? रविवारी ते म्हणाले, चल, दाखव. त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही पलीकडच्या पायथ्याला गेलो. ते उतरून वर बघत उभे राहिले. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चढत होता. पुढची चाकं उचलल्यासारखी होत होती, इंजिन गुरगुरत होतं, आणि वळणापाशी तर तो थांबतो की काय असं वाटलं.

"ह्या वळणावरून?" त्यांनी विचारलं.

"हाव."

ट्रॅक्टर माथ्यापलीकडं दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसले, मला शेजारी बसायला जागा केली आणि म्हणाले, "आता परत सांग. कोण कोण होतं, कुणी कुठं हात लावला, सगळं पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागले.