पंगतीची अट

टीव्हीवर गाण्याचे कार्यक्रम करू लागल्यापासून लोक विचारतात, "क्लॅरिनेट का सोडलीत?" मी सोडली नाही. बँडच्या मालकाने माझे पुढचे दोन दात पाडले.

साठच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या त्या बँडमध्ये आम्ही नऊजण, सगळे नुकत्याच बौद्ध झालेल्या घरांतले. मालक तेवढा वरच्या जातीचा. शिरवळजवळच्या एका लग्नात वऱ्हाड आमच्या वाजवण्यावर घामाघूम होईस्तोवर नाचलं आणि जेवायला आम्हाला गोठ्यामागे बसवलं. मी म्हणालो, "मांडवात पान वाढा, न्हाईतर वरात वाजणार न्हाई." मालकाने माझ्या हातातली क्लॅरिनेट हिसकावून तोंडावर हाणली. बाकीच्यांनी खाली मान घालून वरात वाजवली. मालकापेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला.

दातांशिवाय फुंक धरत नाही. सांगलीत विश्रामबागेला बहिणीकडे राहिलो आणि एका साप्ताहिकात प्रुफं तपासू लागलो. संगीतावर लिहिणारे गृहस्थ आजारी पडले तेव्हा संपादकाने मला मैफलीला धाडलं. बड्या गवयाचा वरचा सूर उतरत होता, तसं मी लिहिलं.

"बँडवाल्याला ख्यालातलं काय कळतं?" संपादक म्हणाला.

"सूर कळतो."

छापलं. पुढचा लेख गोठ्यामागच्या पंगतीवर, मालकाच्या नावानिशी.

मालक कचेरीत थडकला. "लय शाना झालास व्हय रं? आपलंबी नाव छापून यील म्हून लोक भित्यात, वरातीचं एक काम मिळंना मला!"

"मग दुसरा धंदा बघा. मलाबी बघायला लागलाच की."

महिन्याभरात त्याचे पाचजण माझ्याकडे आले. "आमचा बँड तुमी चालवा."

"तवा का गप्प बसलात?"

"घरात पोरं हायती," ढोलवाला म्हणाला.

मी त्यांना माफ केलं नाही. बँड मात्र चालवायला घेतला. काम ठरवताना पहिली अट एकच, वाजवणाऱ्यांची पानं मांडवात. बहुतेकांनी दारातूनच परतवून लावलं. फलटणच्या एका वधूपित्याने अट मानली. आम्ही बसलो आणि समोरची अख्खी पंगत उठून गेली. वाढपी बादली घेऊन तसाच थिजला. वधूपित्याने ती हिसकावून स्वतः भात वाढला, पण आमच्याकडे बघितलं नाही. माझी माणसं चुळबुळत उठायला लागली.

"बसा," मी म्हणालो. "पोट भरंस्तवर कुणी उठायचं न्हाई."

रिकाम्या पंगतीसमोर आम्ही जिलेबीपर्यंत सावकाश जेवलो.